केमोथेरपीचा ‘पोर्ट’ कुरबुर करू लागतो तेव्हा

उलवे, प्रतिनिधी

खारकोपर किंवा बामणडोंगरी स्थानकात सकाळी बेलापूरकडे जाणारी लोकल पकडणाऱ्या गर्दीत अधूनमधून काही प्रवासी वेगळे दिसतात. डोक्याला रुमाल, तोंडावर मास्क, सोबत घरचे कुणीतरी आणि त्याच्या हातात तपासण्यांच्या कागदांनी फुगलेली पिशवी. ही मंडळी नोकरीला नव्हे, केमोथेरपीला निघालेली असतात. बेलापूरला गाडी बदलली की पुढे खारघर, आणि तेथे टाटा मेमोरियल सेंटरचे ‘ॲक्ट्रेक’. काहींची वाट उलट दिशेची असते. अटल सेतूवरून शिवडीला उतरायचे आणि तेथून जवळच असलेल्या परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचायचे. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या आणि उलव्याच्या मध्ये एके काळी खाडीला मोठा वळसा होता. जानेवारी २०२४ पासून तो उरलेला नाही. सिडकोने वसविलेल्या या नव्या नोडमधील कर्करुग्ण एका अर्थाने दोन मोठ्या केंद्रांच्या मधोमध राहतो.

यांतील काहींच्या छातीवर, कपड्याआड, त्वचेखाली एक लहानसा उंचवटा असतो. तो केमोपोर्ट, रुग्णांच्या बोलीत नुसता ‘पोर्ट’. तो रुग्णालयात बसवला जातो, वापरला जातो, धुतलाही जातो. पण राहतो मात्र रुग्णाच्या घरी. दोन केमोंमधले दोन-तीन आठवडे तो घरातच असतो, आणि त्याच्या तक्रारी पुष्कळदा याच दिवसांत, बहुधा रात्री किंवा रविवारी सुरू होतात. तेव्हा पहिला निर्णय घेणारी व्यक्ती कर्करोगतज्ज्ञ नसते. ती असते घरातील पत्नी, मुलगा, नाहीतर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातील डॉक्टर. म्हणूनच पोर्टच्या गुंतागुंतीची माहिती केवळ वैद्यकीय पुस्तकात राहून चालत नाही.

पोर्टची रचना अगदी साधी आहे. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, टायटॅनियमची किंवा कठीण प्लास्टिकची एक डबी. तिच्या तोंडावर सिलिकॉनचा जाड पडदा, आणि डबीला जोडलेली एक मऊ, बारीक नळी. ही नळी मानेतील किंवा हंसळीच्या हाडाखालील शिरेतून आत सरकवून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडाशी, मोठ्या महाशिरेत नेऊन ठेवतात. हाताच्या शिरेत केमोची औषधे वारंवार गेली की ती शीर काळवंडते, दोरीसारखी कडक होते आणि शेवटी सुईला दाद देत नाही. महाशिरेत मात्र रक्ताचा ओघ इतका मोठा असतो की तेच औषध क्षणात पातळ होऊन वाहून जाते. त्वचेखाली पुरायचा असा पोर्ट १९८०च्या दशकाच्या प्रारंभी वापरात आला. त्याआधी हिकमन प्रकारची, छातीबाहेर लोंबणारी नळी हाच मुख्य पर्याय होता, आणि ती सांभाळत आंघोळ करणे हीसुद्धा एक परीक्षाच असे.

मग पोर्ट बसवला की काळजी मिटली असे म्हणायचे काय? ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १,०६१ रुग्णांच्या या चाचणीत पोर्ट, हिकमन नळी आणि दंडातून घालायची ‘पिक’ नळी यांची तुलना केली होती. हिकमनशी तुलना करता पोर्टच्या गटात २९ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली, तर हिकमनच्या गटात ४३ टक्क्यांना. ‘पिक’शी झालेल्या तुलनेत हेच आकडे ३२ आणि ४७ असे आले. याचा अर्थ, तिन्हींत पोर्ट सरस. तरीही साधारण दहांतील तिघांना कधी ना कधी त्याची तक्रार जाणवते. रुग्णाला पोर्टविषयी सांगताना या आकड्याचा पहिला भाग आवर्जून सांगितला जातो. दुसरा भाग सांगण्याइतका वेळ गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात बहुधा उरत नाही.

थंडी वाजून आलेला ताप

सर्वांत गंभीर तक्रार जंतुसंसर्गाची. समजा, उलव्यातील एक गृहिणी दुपारी पोर्ट धुऊन घरी आली. संध्याकाळी तिला एकाएकी हुडहुडी भरली, दात वाजू लागले, अंगावर दोन गोधड्या घालूनही थंडी जाईना. तासाभराने ताप १०१ वर गेला. घरच्यांनी पॅरासिटामॉलची गोळी दिली, घाम आला, ताप उतरला. ‘प्रवासाचा शीण असेल, सकाळी बघू,’ असे ठरले. असे ठरणे स्वाभाविक आहे; धोका आहे तो इथेच.

पोर्टच्या नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंना चिकट थर करून राहता येते. नळी वापरात नसते तोवर ते तेथे गुपचूप असतात. सलाइनचा जोराचा झोत आत गेला की त्यांतील काही सुटून थेट रक्तात, हृदयाशी जाऊन पडतात. म्हणून पोर्ट वापरल्यानंतर काही वेळातच थंडी वाजून आलेला ताप हे नळीतील संसर्गाचे मोठे सूचक लक्षण मानले जाते. त्यात केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेलेल्या असतात. जंतूंशी लढायला सैन्यच नसल्याने पू होत नाही, जागा लाल होत नाही, सूजही येत नाही. पोर्टची जागा वरून स्वच्छ दिसते आणि आत रक्त जंतूंनी भरत असते. अशा रुग्णाची प्रकृती काही तासांत कोसळू शकते.

त्यामुळे केमो सुरू असलेल्या रुग्णाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर ती तातडीची बाब समजावी, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. तापाची गोळी देण्याआधी थर्मामीटर लावून आकडा लिहून ठेवावा आणि उपचार करणाऱ्या रुग्णालयाला कळवावे. गोळीने ताप झाकला जातो, संसर्ग नव्हे.

रुग्णालयात पुढे जे होते ते समजून घेतले, तर नातेवाइकांची चिडचिड बरीच कमी होईल. ‘एवढा ताप असताना दोन-दोन ठिकाणाहून रक्त कशाला काढता?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. एक नमुना पोर्टमधून आणि दुसरा त्याच वेळी हाताच्या शिरेतून घेऊन दोन्ही जंतुवाढीसाठी ठेवतात. पोर्टच्या नमुन्यात जंतूंची वाढ हाताच्या नमुन्यापेक्षा दोन तास किंवा त्याहून अधिक आधी दिसली, तर संसर्गाचे मूळ पोर्टमध्येच आहे असा निष्कर्ष निघतो. आकड्यांचा हा साधा हिशेब पुढचा सगळा उपचार ठरवितो. नमुने घेतल्याबरोबर, अहवालाची वाट न पाहता, प्रतिजैविक शिरेतून सुरू केले जाते.

इथे स्थानिक दवाखान्यांचा एक मुद्दा येतो. नमुने घेण्यापूर्वीच कुणी एखादे प्रतिजैविक टोचले, तर जंतूंचा माग पुसट होतो आणि नंतर तज्ज्ञांना अंधारात तीर मारावा लागतो. अर्थात रुग्णाचा रक्तदाब घसरत असेल, तर पहिली मात्रा अडवून धरणे हाही अपराधच. रक्ताच्या बाटल्या भरायला दहा मिनिटे लागतात. जेथे सोय आहे तेथे ती दहा मिनिटे काढावीत, एवढेच.

पोर्ट काढायचा की वाचवायचा हे जंतूच्या जातीवरून ठरते. त्वचेवर नेहमी राहणारे काही सौम्य स्टॅफिलोकोकाय निघाले आणि रुग्ण स्थिर असला, तर पोर्ट जागेवर ठेवून उपचार करता येतो. शिरेतून औषध चालू ठेवतात, शिवाय तीव्र प्रतिजैविकाचे द्रावण नळीतच काही तास भरून ठेवतात. पण स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्यूडोमोनास किंवा कॅन्डिडासारखी बुरशी निघाली, योग्य औषध देऊनही ७२ तासांनंतर रक्तात जंतू सापडत राहिले, किंवा डबीच्या खोबणीतच पू झाला, तर पोर्ट काढण्याला पर्याय नसतो. तो खर्चाने जड गेलेला असतो, पुन्हा शस्त्रक्रिया होणार म्हणून मन कचरते, हे समजण्यासारखे आहे. तरी अशा वेळी ‘आणखी दोन दिवस बघा ना डॉक्टर’ ही विनवणी महागात पडू शकते.

आत जाते, पण बाहेर येत नाही

दुसरी नित्याची तक्रार पोर्ट अडण्याची. सलाइन आत जाते, पण सिरिंजचा दट्ट्या मागे ओढल्यावर रक्त येत नाही. परिचारिका रुग्णाला मान वळवायला, हात वर करायला, खोकायला, खोल श्वास घ्यायला सांगते. बघणाऱ्याला हा काहीतरी तोडगा वाटतो. पण नळीचे टोक शिरेच्या भिंतीला टेकलेले असेल तर अंगाची स्थिती बदलताच ते सुटते. तरीही रक्त आले नाही, तर बहुतेक वेळा नळीच्या टोकाभोवती फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या तंतूंचे आवरण आलेले असते. ते झडपेसारखे वागते. आतून बाहेर ढकललेले द्रव त्याला उचलून निघून जाते. बाहेरून आत ओढू लागले की तेच आवरण तोंडावर बसते.

‘औषध आत जातेय ना, मग द्या’ असे म्हणण्याचा मोह या ठिकाणी होतो. तो टाळायलाच हवा. आवरण लांब वाढलेले असेल तर औषध त्याच्या आतून उलटे सरकत डबीपर्यंत येऊन ऊतींमध्ये झिरपू शकते. म्हणून प्रत्येक केमोपूर्वी रक्त परत येते हे डोळ्यांनी पाहणे आवश्यक मानले जाते. ते रुग्णानेही पाहावे, विचारावे. न आल्यास छातीचा क्ष-किरण फोटो काढून नळी जागेवर आहे याची खात्री करतात. मग गुठळी विरघळवणारे औषध, अल्टेप्लेज किंवा युरोकायनेज, अल्प मात्रेत नळीत भरून अर्धा ते दोन तास ठेवतात. बरेचसे पोर्ट एवढ्यावर मोकळे होतात. नाही झाले, तर रंगद्रव्य सोडून नळीचे चित्र घेतले जाते.

अडलेला पोर्ट जोराने ढकलून मोकळा करण्याचा प्रयत्न मात्र कुणीही करू नये. लहान सिरिंजमध्ये दाब कमी असेल असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अंगठ्याचा जोर तेवढाच आणि दट्ट्या बारीक, म्हणून दाब कितीतरी वाढतो. दोन मिलिलिटरच्या सिरिंजने नळी फुटू शकते. पोर्टला दहा मिलिलिटर किंवा त्याहून मोठीच सिरिंज लावायची हा नियम त्यातून आला आहे. सुईचेही तसेच. साध्या सुईचे टोक सिलिकॉनच्या पडद्यातून बारीक गोल तुकडा कापून काढते; ह्यूबर सुईचे वाकवलेले टोक पडदा न कापता फक्त बाजूला सारते, आणि सुई निघाल्यावर पडदा पुन्हा मिटतो. ह्यूबर सुईने हजार वेळा टोचले तरी टिकणारा पडदा साध्या सुईने थोड्याच दिवसांत गळू लागतो. त्यामुळे ‘शिरच सापडत नाही, तुमच्या पोर्टमधूनच सलाइन लावतो’ असे एखाद्या नर्सिंग होममध्ये सुचवले गेले, तर ह्यूबर सुई आहे का, ती लावण्याची सवय कुणाला आहे का, हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

अडण्याचाच एक वेगळा आणि फसवा प्रकार आहे. पोर्ट एरवी अडतो, पण हात वर केला की सुरळीत चालतो. सोय म्हणून रुग्ण प्रत्येक वेळी हात वर करून बसतो आणि काम भागते. मात्र नळी हंसळीच्या हाडाखालच्या शिरेतून घातलेली असेल, तर ती हंसळी आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यात सापडली असल्याची ही खूण असू शकते. खांद्याच्या प्रत्येक हालचालीगणिक ती दाबली जाते, झिजते आणि एखाद्या दिवशी तुटते. तुटलेला तुकडा रक्ताबरोबर हृदयात किंवा फुप्फुसाच्या धमनीत जाऊन बसतो. असे घडण्याचे प्रमाण फार थोडे आहे. तुकडा काढण्यासाठी बहुतेकदा छाती उघडावीही लागत नाही. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट जांघेतील शिरेतून तारेचा फास हृदयापर्यंत नेतात, तुकडा त्यात पकडतात आणि त्याच वाटेने बाहेर ओढून काढतात. तरी तशी वेळ येऊ देण्यापेक्षा क्ष-किरण चित्रात नळी चेपलेली दिसताच ती काढणे श्रेयस्कर. सोनोग्राफीच्या साहाय्याने मानेतील शिरेतून नळी घालण्याकडे आता जो कल आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. मानेच्या वाटेत तो चिमटाच नसतो.

पोर्टच्या बाजूचा हात किंवा मान सुजली, छातीवरील शिरा एकदम ठळक दिसू लागल्या, तर नळीभोवती मोठ्या शिरेत गुठळी झाल्याची शक्यता असते. डॉपलर सोनोग्राफीत ती दिसते. इथे अनेकांची समजूत असते की गुठळी झाली म्हणजे पोर्ट गेला. तसे नाही. पोर्ट चालू असेल, जागेवर असेल आणि त्याची गरज असेल, तर तो ठेवूनच रक्त पातळ ठेवणारी औषधे किमान तीन महिने देतात. मात्र केमोने प्लेटलेट्स घसरलेल्या असतील तर मात्रा वारंवार बदलावी लागते. या औषधांत घरच्या घरी फेरफार करू नये.

औषध चालू असताना पोर्टपाशी आग झाली, टोचले किंवा फुगवटा आला, तर ते लाजत सोसण्याचे नव्हे, तत्क्षणी सांगण्याचे दुखणे आहे. सुई पडद्यातून सरकून औषध कातडीखाली उतरत असू शकते. डॉक्सोरुबिसिनसारखे, रुग्ण ज्याला ‘लाल औषध’ म्हणून ओळखतात ते, मांस जाळत आत जाते. अशा वेळी औषध थांबवून, सुई लगेच न काढता तिच्यातूनच जेवढे येईल तेवढे मागे ओढून घेतात. या औषधाला थंड शेक चालतो, व्हिन्क्रिस्टिनला मात्र गरम. डॉक्सोरुबिसिनवरचा उतारा, डेक्सराझॉक्सेन, द्यायचा ठरला तर पहिली मात्रा सहा तासांच्या आत जावी लागते.

कागद, पट्टा आणि तारीख

उरलेल्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण त्यांनीच पोर्ट टिकतो. वजन झपाट्याने उतरलेल्या रुग्णात डबीवरची कातडी पातळ होते. ब्लाउजचा किंवा अंतर्वस्त्राचा पट्टा, ऑफिसच्या सॅकचा बंद, गाडीचा सीटबेल्ट त्याच जागी घासत राहिला तर कातडी झिजून धातू उघडा पडू शकतो. मग पोर्ट काढावाच लागतो. सीटबेल्टखाली घडी घातलेला मऊ रुमाल ठेवावा, बेल्ट काढू नये. लोकलमध्ये कर्करुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून प्रवासाची मुभा आहे, तिचा लाभ घेण्यात संकोच कशाला?

पोर्ट बसवताना एक कार्ड मिळते. त्यावर पोर्टचा प्रकार लिहिलेला असतो. सिटी स्कॅनच्या वेळी रंगद्रव्य यंत्राने मोठ्या दाबाखाली सोडतात. तो दाब सहन करणारे पोर्ट वेगळे असतात. कार्ड हरवले की हा साधा प्रश्न अनुत्तरित राहतो. त्याचा फोटो घरातील दोघांच्या तरी मोबाइलमध्ये असावा, आणि सोबत रुग्णालयाचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांकही. मध्यरात्री निघायची वेळ आलीच, तर अटल सेतूवर दुचाकी व रिक्षांना मनाई आहे हे आधीच लक्षात घेऊन गाडीची व्यवस्था ठरवून ठेवावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहेच.

केमो संपल्यावर पोर्ट धुण्याच्या तारखा सर्रास चुकतात. पूर्वी दर चार आठवड्यांनी धुण्याचा आग्रह असे. आता वापरात नसलेल्या पोर्टसाठी अनेक केंद्रे दोन-तीन महिन्यांपर्यंतचे अंतर चालवून घेतात. हेपरिनच हवे असेही राहिलेले नाही. बेल्जियममध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८०२ रुग्णांमध्ये नुसत्या सलाइननेही काम भागल्याचे दिसले. प्रत्येक रुग्णालयाची पद्धत निराळी असते, तेव्हा आपल्या रुग्णालयाची विचारून कॅलेंडरवर खूण करावी. खेद एवढाच की ही सारी माहिती ज्या कागदावर असते तो बहुधा इंग्रजीत आणि घाईच्या अक्षरात लिहिलेला असतो. घरात पोर्ट सांभाळणाऱ्या सासूबाईंना तो वाचता यावा, असे कुणाला फारसे वाटलेले दिसत नाही.

बरे झाल्यावर काहीजण पोर्ट वर्षानुवर्षे तसाच ठेवतात. ‘पुन्हा लागला तर?’ ही धाकधूक त्यामागे असते, कधी निव्वळ कंटाळा. पण जुनी नळी शिरेच्या भिंतीला चिकटते, ठिसूळ होते, आणि काढताना तुटण्याची भीती वाढते. आजार परतण्याची शक्यता पाहून तो केव्हा काढायचा हे डॉक्टर ठरवतात. काढण्याची शस्त्रक्रिया छोटी असते. जागा बधिर करून जुन्या व्रणावरच छेद घेतात, डबी आणि नळी बाहेर काढतात, नळी अखंड निघाली की नाही हे तिची लांबी मोजून पाहतात, टाके घालतात, आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी परततात.